शरणक्काचा तळवा

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. विचारणारे नव्हते असं नाही. लग्नात, मयताला, बिदरच्या बसस्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं की म्हणायचं, "तुमी पेपरात कारखान्यांवर लिवायचाव की, एखादी गंमत सांगा." मग मी साबणवाल्याची सांगायचो, वायसरवाल्याची सांगायचो. भाकरीच्या यंत्रापाशी गोष्ट आली की पाणी मागायचो. पाणी येईपर्यंत विषय बदललेला असायचा. आता वय असं झालंय की पाणी मागितलं तर चार माणसं काळजीनं उठतात. लपायला तेवढीही जागा उरली नाही.

परवा वीरेशनं कोळारला, बिदरबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, बोलावून घेतलं. वीरेश म्हणजे माझा मित्र बसण्णा याचा मुलगा. बसण्णा गेल्यापासून भाकरीच्या यंत्रांचा कारखाना तोच बघतो. जुनी शेड पाडून नवी बांधायची होती, म्हणून आतलं सगळं अंगणात काढून ठेवलेलं. गंजलेल्या साखळ्या, फुटके पट्टे, पिठाच्या टाक्या. मी फाटकातून आत आलो आणि आधी वास आला. पत्रा तापल्याचा, ग्रीसचा, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी ज्वारीच्या पिठाचा. इतकी वर्षं झाली तरी त्या शेडच्या फटींतून पीठ गेलं नव्हतं. मी एका पोत्यावर बसलो. पाय चालेनात म्हणून बसलो असं मी वीरेशला सांगितलं.

ही शेड नवी होती त्या काळी मी बिदरच्या एका लोखंडाच्या दुकानात कामाला होतो. बोल्ट, बेअरिंग, पट्टे, साखळ्या. कोळारमध्ये ज्याला म्हणून काही नवं बनवायचं असे तो आमच्या दुकानात येई, आणि जे आम्ही ठेवत नव्हतो तेच मागे. त्यातून ओळखी झाल्या. उदगीरहून एक मराठी साप्ताहिक निघायचं. सुट्टीच्या दिवशी मी कारखाने हिंडायचो आणि त्यांची ओळख करून देणारा मजकूर त्या साप्ताहिकाला पाठवायचो. पाट्या कन्नडमध्ये, कारागिरांचं बोलणं दखनीत, मालकाचा हिशेब मनातल्या मनात तेलुगूत, आणि ओळख मराठीत. आमच्याकडे यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

साबणाच्या कारखान्यात खोबरेल आणि सोड्याचा वास नाकात इतका बसायचा की रात्रीच्या वरणालाही तोच वास येई. तिथल्या माणसांचे तळहात लहान पोरांसारखे गुलाबी असत. वायसर बनवणाऱ्याकडे चहालासुद्धा जळक्या रबराची चव होती, आणि तो दर वेळी विचारायचा, "साखर बराबर हाय न्हवं?" एकानं तुरीची डाळ न फुटता टरफल निघावं म्हणून दगडी रूळ बनवला होता. तो रूळ फिरू लागला की टरफलं उन्हात सोन्यासारखी उडायची आणि बाहेर रस्त्यावरच्या गाई फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. मोठा कारखाना ओळखायचा तर त्याच्या फाटकातल्या गाई बघाव्यात, असं तेव्हा कोळारमध्ये म्हणत.

यातलं एक अक्षरही मी छापायला दिलं नाही. मी लिहायचो अथक परिश्रम. मी लिहायचो उज्ज्वल परंपरा. आणि शेवटी, न चुकता, 'संस्थापकांच्या दूरदृष्टीतून'. कोळारमधल्या कुठल्याही मालकाला माझ्या हातून दूरदृष्टी मिळायची राहिली नाही. साबणवाल्याला तर चष्म्याशिवाय स्वतःचं फाटक सापडत नव्हतं.

बसण्णाची शेड सगळ्यात शेवटी होती, जिथं रस्ता संपून काळं रान सुरू व्हायचं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, ज्वारीची भाकर यंत्रानं थापायची. चपातीची यंत्रं तेव्हा कुठेकुठे आली होती. पण गव्हाला चिकटपणा असतो, ज्वारीला तो नसतो. ज्वारीचं पीठ ऊन पाण्यात मळून मळून, तळहातानं रेटून रेटून एकजीव करावं लागतं, आणि तरी थापताना हात जरा चुकला की कडा तडकतात. बसण्णाचं यंत्र सपाट पाटानं गोळा दाबायचं. दाबला की कडा फुटायच्या. दिवसभर ते यंत्र धप्प, धप्प करायचं आणि फुटक्या भाकरींचा ढीग पडायचा. अंगणातले कावळे इतके माजले की उडायचे कष्ट घेईनात, चालत बाजूला व्हायचे.

बसण्णाची थोरली बहीण शरणम्मा. आम्ही सगळे तिला शरणक्का म्हणायचो. राजेश्वर गावात सासर होतं, नवरा गेल्यावर ती कमठाण्याला माहेरी आली, आणि भाऊ कोळारला शेडमध्ये राहू लागला तेव्हा त्याच्यामागून तिथं. कपाळावर विभूतीचे पांढरे पट्टे, आवाज मोठा, आणि स्वतःच्या भाकरीचा गर्व त्याहून मोठा. यंत्राची भाकर ती हातात घ्यायची, उन्हात धरायची आणि म्हणायची,

"बसू, ही भाकर हाय का उन्हाळ्यातलं रान? कुठनं नांगरायचं ते तरी सांग."

"अक्का, हसायलीस कामून? दोन दिसांत जमंल."

"दोन दिसांत जमंल म्हणून मी कालवण करायचं सोडलंय बघ. उगं फुटकी भाकर बुडवून बुडवून तेलाचा डबा सरला."

एके दिवशी मी तिथं असतानाच तिचा संयम सुटला. चुलीसाठी तांबडी माती कालवून ठेवलेली होती. तिनं त्या मातीचा गोळा यंत्रापुढे आपटला, त्यात आपला उजवा तळवा रोवला आणि उचलून भावापुढे धरला. "हे घे. माझा हात पायजे न्हवं तुझ्या मशीनला? लाव."

ती चेष्टा होती. बसण्णा हसला नाही. तो त्या मातीतल्या खळग्याकडे बघत राहिला. मनगटाकडे खोल, मध्ये उंचवटा, बोटांकडे हळूहळू पसरत गेलेला उतार. मला म्हणाला, "बघ की. अक्काचा हात सपाट कुठं हाय?"

ओतकाम करणारे उस्मानभाई पलीकडच्याच शेडमध्ये होते. बसण्णा तो मातीचा गोळा त्यांच्याकडे घेऊन गेला आणि त्यावरून त्यांनी साचा केला. साच्याची वाळू बांधून राहावी म्हणून ते तिच्यात काकवी मिसळायचे. त्या वाळूत ॲल्युमिनियमचा रस ओतला की सगळ्या कोळारवर गुऱ्हाळासारखा करपट गोड वास पसरायचा. त्या दिवशीचा तो वास मला आजही कुठूनही ओळखू येईल. साचा फोडून उस्मानभाईंनी तो चकाकता तळवा फडक्यानं पुसला आणि अक्कापुढे धरला. "लो आपा, अब दो हाथ हो गये. एक घर में, एक कारखाने में."

अक्कानं आपला हात त्यावर ठेवून पाहिला. लहानपणी तापलेलं उलथनं धरल्यानं तिच्या तळव्यावर एक तिरपी खूण राहिली होती, अंगठ्यापासून करंगळीकडे उतरत गेलेली. धातूच्या तळव्यावरही ती आली होती. "मेलं हे बी आलं," ती म्हणाली आणि लाजली. तिला लाजताना मी तेवढंच पाहिलं.

मग यंत्राचा आवाज बदलला. नुसतं धप्प नाही. धप्प आणि मागून सर्र. तळवा दाबायचा, थोडं फिरायचा, पुन्हा दाबायचा. पहिली भाकर पट्ट्यावरून भट्टीत गेली आणि पलीकडून आली ती चंद्रासारखी नव्हती, जरा वाकडीच होती, पण कडा अखंड होत्या. आणि तिच्या पाठीवर, बारीक बघितलं तर, एक तिरपी रेघ होती. बसण्णानं ती मोडली नाही. अक्कानं मोडली. वाफ निघाली, पापुद्रा सुटला. तिनं पहिला तुकडा मला दिला आणि विचारलं,

"पेपरात लिवणार न्हवं तू?"

"व्हय अक्का."

"मग माझं नाव पडंल का? कमठाण्याची शरणम्मा म्हणून? समद्यांची नावं पडत्यात. त्या साबणवाल्याचं बी पडलं, त्याला तर अंघोळीचा कटाळा."

"पडंल अक्का. तुमचं न्हाई पडलं तर कुणाचं पडंल?"

तो तुकडा माझ्या तोंडात होता तेव्हा मी हे बोललो.

पुढे काय झालं त्याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. इथं देत नाही, ती कारणं फार छोटी आहेत. लिहायला बसलो आणि वाटलं, चुलीच्या मातीत उमटलेल्या बाईच्या हातावरून यंत्र झालं असं छापलं तर शहरातले वाचणारे हसतील. बसण्णाकडे कुणी यंत्र मागायला येणार नाही. माझंही हसं होईल. मी लिहिलं, परदेशी यंत्रांचा सखोल अभ्यास करून संस्थापकांनी आपल्या दूरदृष्टीतून ही अभिनव रचना साकारली. परदेशी यंत्र बसण्णानं चित्रातसुद्धा पाहिलं नव्हतं. अंक आला. बसण्णानं वाचला, घडी घातली आणि चहा सांगितला. अक्कानं अंक मागून घेतला आणि विभूतीच्या डब्याशेजारी ठेवला. तिची शाळा कन्नडची. मराठी ती माझ्यापेक्षा ठसक्यात बोलायची, पण ती अक्षरं तिच्यासाठी मुकी होती.

येळवस आली. आमच्याकडे त्या अमावास्येला माणूस घरात थांबत नाही, शेतात जातो. कमठाण्याच्या रानात ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्याला घाटे लागलेले. कडब्याची कोप उभी केलेली, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा. अंबिलीची मडकी, सगळ्या डाळी-भाज्यांची भज्जी, तिळाच्या कडक भाकरी, ओला हरभरा. अंबिलीतल्या लसणाचा वास आणि थंड वाऱ्यावर येणारा ज्वारीच्या पानांचा सळसळाट. सगळं घर जमलेलं. जेवणं झाली, माणसं सावलीत आडवी झाली, आणि अक्कानं कनवटीतून तो अंक काढला.

"वाच की रं. आज समदे हायत."

"अक्का, जेवून डोळे मिटायलेत."

"लिवताना उघडे होते न्हवं? वाच."

कागदाला विभूतीचा वास लागला होता. मी वाचू लागलो. कोळारचं वर्णन वाचलं, अथक परिश्रम वाचले. बायका पदर सावरून जवळ सरकल्या. ते परदेशी यंत्रांचं वाक्य जवळ येत होतं. बसण्णा हातावर डोकं ठेवून पडला होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी कागदावर बोट फिरवत, अगदी वाचल्यासारखं वाचलं: "या यंत्राला जो हात आहे, तो कमठाण्याच्या शरणम्मा यांचा आहे."

बसण्णानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

"पुन्ना वाच," अक्का म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. कागद तोच, बोट तिथंच. एक भावजय हसून म्हणाली, "आता अक्काला पाणी भराया सांगू नगा, पेपरात आल्यात त्या." अक्कानं तिला हरभऱ्याचा डहाळा फेकून मारला. मग कागदाची घडी अशी घातली की त्या ओळीवर चुणी पडू नये. ती ओळ नेमकी कुठे आहे असं तिला वाटत होतं ते मला माहीत होतं. माझं बोट जिथं होतं तिथं.

संध्याकाळी रान सोडताना बसण्णा माझ्याबरोबर मागे राहिला. बांधावरून चालताना एवढंच म्हणाला, "बरं वाचलास." ते कौतुक होतं की दुसरं काही, मी विचारलं नाही. नंतर कधीच विचारलं नाही.

पुढे कारखाना वाढला. गुलबर्ग्याकडच्या, लातूरकडच्या बायकांच्या गटांनी ती यंत्रं घेतली. कडक भाकरीचे पुडे बसस्टँडवर, देवळांपुढे, दवाखान्यांबाहेर लटकू लागले. लोकांना वाटायचं, हातानं थापलेली आहे. दर काही वर्षांनी धातूचा तळवा झिजायचा, आणि त्याच्यावरूनच नवा ओतला जायचा. मग त्या नव्यावरून आणखी नवा. प्रत्येक ओतकामात काहीतरी थोडं वाळूत राहून जातं. भाकरीच्या पाठीवरची ती तिरपी रेघ दरवेळी जराशी फिकी होत गेली.

पण ते वाक्य फिकं झालं नाही. अक्काला ते पाठ झालं होतं. पाहुणा आला, यंत्र घ्यायला कुणी आलं, बँकेचा माणूस आला, की ती म्हणायची. ती छापील मराठीत म्हणायची, एरवीच्या तिच्या बोलण्यापेक्षा हळू, शब्दाशब्दावर पाय ठेवत, जणू नदी ओलांडते आहे. माझ्यासमोर म्हणायची तेव्हा शेवटी माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो.

एकदा सांगायचं ठरवून गेलो होतो. बसण्णा तोवर गेला होता. अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तरी ती भट्टीच्या तोंडाशी पाटावर बसून पट्ट्यावरून येणारी भाकर हातानं चाचपायची. कुणी तिला ते काम सांगितलं नव्हतं. मी शेजारी बसलो.

"अक्का, एक सांगायचं होतं."

"जेवलास का?"

"जेवलो की."

"खोटं बोलायलास. आवाज सुकलाय तुझा." तिनं ताट मागवलं. शेंगांची चटणी, भाकर, दही. मी खाल्लं. ती एक भाकर मांडीवर घेऊन तिच्या पाठीवर बोट फिरवत होती. मग भाकर माझ्याकडे सरकवली.

"ही माझी रेघ लागंना गेली बघ. बोटं जाड झाली माझी. तुझ्या बोटाला लागती का?"

मी बोट फिरवलं. भाकर गुळगुळीत होती.

"लागती अक्का."

"मग झालं," ती म्हणाली. "तू म्हणतूस तर हाय."

यंत्राचा आवाज चालू होता. धप्प, सर्र. मी हात धुतले आणि निघालो.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. मी मातीला गेलो होतो. कोळारमधले बरेच जण उभे होते, कुणी कन्नडमध्ये वचन म्हणत होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून समाधी दिली. उजवा हात मांडीवर होता. मी लांबून पाहिला.

आणि परवा वीरेशनं अंगणात माझ्यापुढे खुर्ची ओढली. नव्या शेडच्या दारात अक्काचा फोटो लावायचा आहे, म्हणाला, आणि फोटोखाली तुमचा लेख, मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि कन्नडमध्ये.

"पण काका, एक घोळ हाय. आत्याच्या डब्यात तो अंक सापडला. त्यात आत्याचं नावच न्हाई. पॅकिंगमधली सुरेखा हाय न्हवं, उदगीरकडली, तिच्याकडनं मी वाचून घेतलं, माझी बी शाळा कन्नडची. ती म्हणली, आत्यानं बी तिच्याकडनं एकदा वाचून घेतलं होतं."

मी पोत्याचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होतो.

"सुरेखानं वाचलं तवा आत्या तिच्यावर लई चिडली म्हणं. म्हणली, तुला वाचायला येत न्हाई. त्यानं वाचलं तवा होतं." वीरेश हसला. "मला वाटतं तुमी दोनदा लिवलं असणार. नाव असल्याला अंक दुसरा असंल. तुमच्याकडं सापडंल की?"

मी म्हणालो, "बघतो."

निघताना त्यानं भंगारातून एक धातूचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. पहिला तळवा. उस्मानभाईंनी ओतलेला. काळा पडलेला, कडेला पिठाचा थर दगडासारखा झालेला. मी त्यावर हात ठेवला. माझ्या हातापेक्षा लहान होता. मधल्या खोलग्यात माझं बोट गेलं आणि तिरपी रेघ लागली. अंगठ्यापासून करंगळीकडे. खरोखर लागली.

वीरेश, तो अंक शोधू नकोस. तो छापलाच गेला नाही. तुझे वडील परदेशी यंत्र बघून शिकले नव्हते. ते आपल्या बहिणीच्या हाताकडे बघून शिकले, आणि ते बघायला दूरदृष्टी लागत नाही, जवळून बघणारे डोळे लागतात. ते त्यांच्याजवळ होते. या यंत्राला जो हात आहे, तो कमठाण्याच्या शरणम्मा यांचा आहे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. दारात लावायचं असेल तर हे लाव. आणि सुरेखाला सांग की तिला वाचायला येतं, तिनं बरोबर वाचलं होतं.

भट्टीपुढच्या त्या पाटावर जे बोलायला मी गेलो होतो, ते फार नव्हतं. ताट येण्याआधी बोलून झालं असतं.

अक्का, त्या कागदात तुमचं नाव नव्हतं. मी माझ्या मनानं वाचलं. लिवायचं तवा लिवलं न्हाई, आन् तुमी माझ्या बोटावर इस्वास ठेवलाव. मला माफ करा.